'करवतमाशी' : एका संज्ञेची चिकित्सा

परभाषेतील संज्ञेवर घेतलेला आक्षेप पुष्कळदा तिच्या मराठी प्रतिशब्दावरही जसाच्या तसा लादला जातो. 'सॉफ्लाय' या इंग्रजी संज्ञेवरून साधलेला 'करवतमाशी' हा शब्द याचे उदाहरण होय. हा कीटक द्विपंखी माशांपैकी नसून चार पंखांचा, मधमाशीच्या गणातील आहे. सबब 'माशी' हे पद अशास्त्रीय ठरते, असा युक्तिवाद करता येईल. इंग्रजीपुरता तो ग्राह्य आहे. मराठीत मात्र 'मधमाशी', 'गांधीलमाशी' ही त्याच गणातील नावे रूढ असल्यामुळे 'माशी' या पदाची अर्थव्याप्ती मुळातच मोठी आहे. जर्मन भाषेने 'पानावरची गांधील' अशा अर्थाचा 'ब्लाटवेस्पे' हा शब्द पत्करला. परंतु या कीटकाला गांधिलीची बारीक कंबर नाही, की दंश करणारी नांगी नाही. मादी करवतीसारख्या दातेरी अवयवाने वनस्पतीचा कोवळा भाग चिरून त्यात अंडी घालते. तेव्हा 'करवतमाशी' हीच संज्ञा अधिक यथार्थ होय.

खरी उणीव आहे ती 'अळी' या शब्दाच्या वापरात. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या परिसरात पावसाळ्यात एखाद्या नेच्यावर हिरवी अळी आढळली आणि अभ्यासकाने नुसती 'अळी' अशी नोंद केली, तर वाचणारा ती फुलपाखराची किंवा पतंगाची समजेल. वस्तुतः करवतमाश्यांच्या अनेक जाती नेच्यांवरच वाढतात. 'स्ट्राँगिलोगॅस्टर' हा वंश त्यांपैकीच. भेद ओळखणे कठीण नाही. फुलपाखराच्या अळीला उदरावर पायांच्या फार तर पाच जोड्या असतात. करवतमाशीच्या अळीला बहुधा सहा ते आठ. पहिलीला डोक्याच्या प्रत्येक बाजूस सामान्यतः सहा सूक्ष्म नेत्र, दुसरीला एकच ठळक.

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा नव्हे. मोहरी आणि मुळा यांची पाने खाणारी 'अथालिया' ही करवतमाशीच आहे. पतंगवर्गीय अळ्यांना मारणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचे प्रचलित कुर्स्टाकी वाण तिच्यावर निष्प्रभ ठरते. म्हणजे शब्दाची संदिग्धता शेतकऱ्यालाही भोवते.

तात्पर्य, नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. 'अळी' हे पद नोंदीत एकटे येऊ नये. 'करवतमाशीची' किंवा 'पतंगाची' असे विशेषण त्याला जोडावे आणि निश्चिती नसेल तेथे पायांच्या जोड्यांची संख्या द्यावी. परिभाषेची शुद्धी कोशापेक्षा निरीक्षणातून अधिक साधते.