कल्टारचा मोहर आणि मेंदूतल्या मूलपेशी

या वेळी टीका एका शब्दावर: ‘स्विच’. ‘नवे न्यूरॉन तयार करणाऱ्या जनुकाचा स्विच सापडला’ अशी बातमी तुम्ही वाचली असेलच. घरच्यांना माझा विषय समजावताना मीसुद्धा हा शब्द बिनदिक्कत वापरलाय. पण जितके पेपर वाचावेत तितका तो खटकायला लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काही मूलपेशी शिल्लक असतात आणि त्यांच्यापासून नवे न्यूरॉन बनत राहतात. मात्र यातल्या बहुतेक पेशी कुठल्याही क्षणी झोपलेल्या असतात, म्हणजे विभाजन न करता नुसत्या बसून असतात. ही झोप आपोआप लागत नाही, ती जनुकं टिकवून ठेवतात. आरईएसटी नावाचं प्रथिन न्यूरॉन घडवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतं. २०११ मध्ये उंदरांच्या या मूलपेशींतून ते काढून टाकल्यावर काय झालं? सुरुवातीला नवे न्यूरॉन वाढले. बातमी इथेच थांबते. पेपर पुढे जातो: काही काळाने संख्या उलट घटली, कारण मूलपेशींचा साठाच संपत आला होता.

आपल्या रत्नागिरीत हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. हापूसच्या कलमाला कल्टार घातलं की झाडातलं जिबरेलिन कमी होतं, पालवीचा जोर ओसरतो आणि मोहर येतो. तोही एक ब्रेक काढणंच झालं. पण खत-पाण्याकडे न बघता दरवर्षी मारा केला तर कलम थकतं, हे कुठलाही बागायतदार सांगेल. (तुलना ताणू नका. कलमाला पुन्हा फुटवे येतात, न्यूरॉन झालेली पेशी मागे फिरत नाही.)

‘स्विच’ आणखी एका ठिकाणी फसतो. एएससीएल-१ हे प्रथिन मूलपेशीला जागं करतं. मग झोपलेल्या पेशीत त्याचं जनुक बंद असणार, असंच वाटतं ना? पण झोपलेल्या पेशींतही त्याचा आरएनए सापडतो. जनुक चालू असतं, तयार झालेलं प्रथिन मात्र लगेच मोडून टाकलं जातं. २०१९ च्या एका पेपरने त्यामागे आयडी-४ चा हात दाखवला. त्याआधी २०१६ मध्ये एचयूडब्ल्यूई-१ पुढे आलं होतं. जाग्या पेशींतलं एएससीएल-१ ते मोडायला लावतं, म्हणून काही पेशी पुन्हा झोपू शकतात. नुसता आरएनए मोजून ‘जनुक चालू, म्हणजे पेशी जागी’ म्हणणारे निष्कर्ष मला म्हणूनच पटत नाहीत.

आता आपल्या जवळचं काम. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवलं की मेंदूतलं नॉरएपिनेफ्रिन घटवलं की हिप्पोकॅम्पसमध्ये विभाजन पावणाऱ्या पेशी कमी होतात. या पेपरची मला आवडणारी गोष्ट म्हणजे पेशींचा जन्म, त्यांचं टिकणं आणि पुढे त्यांचं काय होतं, हे तिन्ही प्रश्न वेगळे ठेवलेत. परिणाम फक्त पहिल्यावर दिसला. मर्यादाही आहेच. तिथे वापरलेलं बीआरडीयू विभाजन करणाऱ्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत शिरतं, मग ती खरी मूलपेशी असो की तिची पुढची पिढी. नॉरएपिनेफ्रिनही सगळ्या मेंदूतलं घटलं, त्यामुळे परिणाम थेट की आडवळणाने, हे कळत नाही. याचं बरंच उत्तर २०१० मध्ये आलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या गटासोबत याच प्रयोगशाळेने दाखवलं की नॉरएपिनेफ्रिन बीटा-३ रिसेप्टरमधून या पूर्वज पेशींना थेट जागं करतं. सेरोटोनिनने तसं झालं नाही. आपल्याच कामातली फट आठ वर्षांनी बुजवणं मला नव्या ‘स्विच’पेक्षा मोठं वाटतं.

माझा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. जागं केलेल्या पेशी परत झोपल्या की संपल्या? हे कळायला एका दिवसाची मोजणी पुरत नाही. त्याच प्राण्यांच्या गटात महिनोन्‌महिने साठा मोजावा लागतो. हे कंटाळवाणं, खर्चिक काम आहे, म्हणून बहुतेक पेपर पहिल्या वाढीवरच आटोपतात.

माणसांत तर साठा किती, यावरच भांडण आहे. २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन पेपर आले. एकाला प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन सापडलेच नाहीत, दुसऱ्याला एकोणऐंशी वर्षांपर्यंत सापडले. मृत्यूनंतर मेंदू किती उशिरा रसायनात ठेवला, यावरही खुणा दिसणं-न दिसणं अवलंबून असतं. २०२५ मध्ये स्टॉकहोमच्या गटाला प्रौढांतही विभाजन पावणाऱ्या पूर्वज पेशी मिळाल्या, पण माणसागणिक फरक फार.

यावरून कोणी आपल्या डिप्रेशनच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या गोळ्यांमुळे साठा संपतो, असं वरच्या एकाही पेपरने दाखवलेलं नाही. पण उद्या ‘ब्रेक काढणारं’ औषध म्हातारपणीच्या विसरभोळेपणावर आणलं, तर पहिल्या महिन्याचा मोहर दाखवणाऱ्याला तिसऱ्या वर्षाची मोजणी मागा.