दिवा दिसला, आलेख राहिला

शाळेतील धड्यांत आणि भाषणांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल भेटते ती हातात दिवा घेऊन. ही मूर्ती खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि या अपुरेपणाची किंमत रुग्णाला मोजावी लागते, असे आम्हांला वाटते.

नोव्हेंबर 1854 मध्ये ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. त्या हिवाळ्यात तिच्या साऱ्या कष्टांनंतरही मृत्यू वाढत गेले. मार्च 1855 मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यू घटले. मायदेशी परतल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने आकडे तपासले. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. 1858 मध्ये तिने हे वर्तुळाकार आलेखाने मांडले. सेवाभाव तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. चुकले कोठे, हे मात्र आकड्यांनी सांगितले.

शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढण्याची प्रथा घ्या. वस्तऱ्याने त्वचेवर सूक्ष्म ओरखडे पडतात व त्यांत जंतूंना थारा मिळतो. केस शक्यतो काढू नयेत, काढावेच लागले तर यंत्राने कापावेत, वस्तरा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांगितले. पण नुसते परिपत्रक भिंतीवर लावून प्रथा जात नाही. ‘हे आपण का करतो?’ असे परिचारिकेला वरिष्ठांना न भिता विचारता आले पाहिजे. नोंदवही तिने भरायची आणि अर्थ दुसऱ्याने लावायचा, ही विभागणीच चुकीची आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, नोंद ठेवणे आणि जंतुसंसर्गावर उपचार करणे शिकवले. तेथे हजार जन्मांमागे नवजात मृत्यू 1993–95 मध्ये 62 होते. 1997–98 मध्ये ते 25.5 झाले. तुलनेच्या 47 गावांत अशी घट झाली नाही. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, ही त्याची मर्यादा. तरीही तुलनेची गावे होती म्हणूनच निष्कर्षाला वजन आले.

पाटससारख्या गावातील रुग्ण शस्त्रक्रियेसाठी बहुधा दौंड किंवा पुणे गाठतो. तेथे त्याची काळजी घेणारी परिचारिका कदाचित आज आपल्याच वर्गात बसली असेल. शिक्षकांनी तिला दिव्याची गोष्ट जरूर सांगावी. पण महिनाभर वर्गातील गैरहजेरीची कारणे नोंदवून त्यांचा आलेखही काढायला लावावा. आलेख पाहून तिने शाळेच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारला, तर रागावू नये. टाकी उघडून पाहावी.