रिकामी खुर्ची : अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ ग्रंथातील श्रद्धा व मानसोपचार

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने माथेरानचा डोंगर चढून गेले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने त्या पठारावर आरोग्यस्थान वसले. हवापालट हा त्या काळचा सर्वमान्य उपचार होता. मुंबईच्या दमट उन्हाळ्याने शिणलेल्या आणि मनाने खचलेल्या माणसाला वैद्य डोंगरावर धाडीत. माथेरानवर कालांतराने दवाखाना झाला, तसे सेंट पॉलचे चर्चही झाले. परंतु दोहोंची कार्यक्षेत्रे निराळी राहिली. वैद्याने ज्ञानतंतूंचा शीण पाहावा, धर्मोपदेशकाने आत्म्याची चिंता वाहावी आणि एकाने दुसऱ्याच्या कामात डोकावू नये, असा जणू अलिखित करारच होता.

हा करार मोडण्याचा एक गंभीर प्रयत्न पुढे माथेरानच्या दक्षिणेकडे, खालापूर तालुक्यातून चढणाऱ्या बोरघाटाच्या माथ्यावर झाला. जेझुइट धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात सुरू केलेली ‘साधना’ ही समुपदेशन-संस्था १९७८ मध्ये लोणावळ्यास आली. त्याच वर्षी आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशनाने त्यांचा ‘साधना’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत जन्मलेल्या डिमेलो यांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशनाचे शिक्षण घेतले होते. कार्ल रॉजर्स आणि फ्रिट्झ पर्ल्स यांच्या उपचारपद्धतींचा त्यांना निकट परिचय होता. अशा लेखकाचा ग्रंथ केवळ भक्तिपर वाङ्मय म्हणून वाचणे अपुरे होय. त्यात दोन शास्त्रे एका आसनावर बसविली आहेत. ती खरोखर एकत्र बसतात काय, आणि बसत असल्यास कोणत्या अटीवर, हा येथे विचाराचा विषय आहे.

ग्रंथाचे उपशीर्षक ख्रिस्ती साधनेला पौर्वात्य रूप देण्याची प्रतिज्ञा करते. त्यातील पाठ सत्तेचाळीस. प्रारंभ मौनाने होतो. मग देहातील संवेदना, श्वास आणि कानी पडणारे ध्वनी यांकडे लक्ष वळविले जाते. त्यानंतर कल्पनेचे पाठ येतात आणि अखेरीस भक्तीचे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्याला स्वतःच्या खांद्यावरील वस्त्राचा स्पर्श जाणवत नाही त्याला देवाचे सान्निध्य जाणवेल, ही अपेक्षाच डिमेलो बाळगीत नाहीत. प्रार्थना जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या धर्मभगिनीला वा धर्मगुरूला ते अधिक प्रार्थना करण्यास सांगत नाहीत, तर प्रथम श्वास पाहावयास सांगतात. इगतपुरीचे विपश्यना-केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले, हे ध्यानी घेता त्या दशकात महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर या विचाराला केवढा बहर आला होता याची कल्पना येते.

ग्रंथाचे मर्म मात्र कल्पनेच्या पाठांत आहे. त्यांपैकी ‘रिकामी खुर्ची’ हा पाठ बारकाईने पाहण्याजोगा आहे. एका आजारी माणसाच्या बिछान्याजवळ नेहमी एक रिकामी खुर्ची ठेवलेली असे. प्रार्थना कशी करावी हे न कळणाऱ्या या गृहस्थाला कोणा मित्राने सुचविले होते की समोर खुर्ची मांडावी, तीत येशू बसला आहे असे समजावे आणि बोलू लागावे. ही गोष्ट भेटीस आलेल्या धर्मगुरूला त्यानेच सांगितली. पुढे त्याला मृत्यू आला तेव्हा त्याचे मस्तक त्या खुर्चीवर टेकलेले होते. मुलीने ही वार्ता धर्मगुरूला कळविली, पण तिला त्याचा अर्थ उमगला नव्हता.

रिकामी खुर्ची हे पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट उपचाराचे सर्वांत प्रसिद्ध साधन आहे. मोरेनो यांच्या मनोनाट्यातून ते पर्ल्स यांनी उचलले. तेथे रुग्ण समोरच्या खुर्चीत मृत पिता, दुरावलेली पत्नी किंवा स्वतःचाच एखादा नकोसा अंश कल्पितो, त्याच्याशी बोलतो आणि मग उठून त्या खुर्चीत जाऊन बसतो व त्याच्या वतीने उत्तर देतो. उपचाराचे सारे बळ या जागा बदलण्यात आहे. खुर्चीतील व्यक्ती आपलीच निर्मिती आहे, तिचा राग आणि तिची क्षमा आपल्यापाशीच आहे, हे रुग्णाला त्या हालचालीतून उमगावयाचे असते.

डिमेलो यांच्या पाठात जागा बदलली जात नाही. भक्त बोलतो, ऐकतो, मस्तक टेकतो. पण उठून येशूच्या खुर्चीत बसत नाही. इतके लहानसे हे अंतर आहे, आणि श्रद्धा व उपचार यांच्यामधील सीमारेषा नेमकी तेथेच आहे. उपचाराच्या दृष्टीने खुर्ची रिकामी आहे म्हणून ती उपयोगी पडते. श्रद्धेच्या दृष्टीने ती रिकामी नाही म्हणून. डिमेलो यांना या भेदाची जाण होती. येशू कल्पिलेल्या रूपात तेथे बसलेला नसला तरी त्याचे सान्निध्य खरे आहे आणि कल्पना ही श्रद्धेची सेवा करते, असे ते बजावतात. पद्धत उसनी घेताना त्यांनी तिचा शेवटचा टप्पा गाळला तो विसराळूपणाने नव्हे. उलट ज्या पाठात मनातील द्वेषाचा निचरा करावयाचा आहे, तेथे त्यांनी दुसऱ्याची बाजू घेऊन पाहण्याचा टप्पा कायम ठेवला आहे. ज्याच्यावर राग आहे त्याला समोर आणावे, सारा संताप ओतावा, वाटल्यास उशीवर मुठी आपटाव्या, आणि मग तीच घटना त्याच्या दृष्टीने पाहावी. मनुष्याच्या जागी मनुष्याने जावे, देवाच्या जागी जाऊ नये, असा हा विवेक आहे. श्रद्धा आणि मानसोपचार यांच्या समन्वयाच्या गोष्टी पुष्कळ बोलल्या जातात. त्या इतक्या नेमकेपणाने कृतीत उतरलेल्या क्वचितच आढळतात.

मग दोष कोठे आहे? तो शोधण्यासाठी डिमेलो यांच्या गुरुपरंपरेच्या मुळाशी जावे लागते. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये मानरेसा येथे पापशंकेने ग्रासले होते. केलेले पापनिवेदन अपुरे राहिले या शंकेने ते पुनःपुन्हा निवेदन करीत, आणि जीव देण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवून गेला. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधनां’त या पापशंकेसंबंधी स्वतंत्र टिपणे आहेत. आजचा मनोवैद्य त्या अवस्थेला कोणते नाव देईल, हा निराळा प्रश्न. महत्त्वाचे हे की इग्नेशियस यांनी आपले पुस्तक साधकासाठी लिहिले नाही. साधना देणाऱ्या मार्गदर्शकासाठी लिहिले. साधकाने ते एकांतात वाचणे हा त्याचा हेतूच नव्हता. समोर एक जिवंत मनुष्य असावा, त्याने पाहावे, थांबवावे, प्रसंगी पाठ बदलावा, ही त्या ग्रंथाची गृहीत अट आहे.

धर्मभावना आणि मनोव्यथा एकमेकींत किती बेमालूम मिसळतात याचे मराठीतील उत्कृष्ट चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, प्रारंभीच, आढळते. १८५७ च्या धामधुमीनंतर घरातील एका वडीलधाऱ्या आप्ताला फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याने पछाडले, आणि ते मीठ-साखरेसारख्या जिनसाही धुतल्यावाचून न घेण्याच्या थरास गेले. लक्ष्मीबाई त्याला आजार म्हणत नाहीत, धर्मही म्हणत नाहीत. हसत हसत सांगून मोकळ्या होतात. परंतु त्या घरातील बायकामुलांना जे सोसावे लागले ते त्या हसण्याआड लपत नाही. अशा माणसाच्या हाती मौनाचा आणि आत्मनिरीक्षणाचा पाठ दिला तर तो बरा होईल की अधिकच धुऊ लागेल? याचे उत्तर पुस्तक देऊ शकत नाही. ते त्या माणसाकडे पाहणाराच देऊ शकतो.

‘साधना’ हा ग्रंथ गटांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यातून निर्माण झाला. पाठानंतर साधकांनी आपले अनुभव एकमेकांना सांगावे ही पद्धत त्यात जागोजागी दिसते, आणि श्वासाचा प्रदीर्घ अभ्यास मार्गदर्शकावाचून करू नये असा इशाराही आहे. तरीही छापील पुस्तक एकट्याच्या हाती पडते. लोणावळ्याच्या खोलीत डिमेलो स्वतः समोर असत. वाचकाच्या समोर फक्त आज्ञार्थी क्रियापदे असतात. रिकाम्या खुर्चीच्या कथेतही धर्मगुरू होता, मित्र होता, मुलगी होती. पाठ गिरविणाऱ्या वाचकाजवळ यांतले कोणी असेलच असे नाही.

एक आनुषंगिक गोष्ट. ध्वनींच्या पाठात प्रत्येक ध्वनी केवळ ध्वनी म्हणून ऐकावयाचा आणि पुढे त्यात देवाचा नाद ऐकावयाचा. त्याला माथेरानसारखी जागा नाही, असे कोणासही वाटेल, कारण तेथे मोटारींना बंदी आहे. पण त्या शांततेत घोड्यांच्या टापा आहेत, आणि माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षांची चाके तेथे वाजत आली आहेत. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२५ मध्ये द्यावा लागला. चाकाची करकर निव्वळ संवेदना म्हणून ऐकणाऱ्याचे मन शांत होईल, यात शंका नाही. ओढणाऱ्याच्या धापेचे काय करावे हे तो पाठ सांगत नाही. आपला शेजारी कोण, हा शुभवर्तमानातील प्रश्न या ठिकाणी उपचाराच्या सोयीसाठी बाजूस पडला, असे म्हणणे प्राप्त आहे.

उत्तरकालीन डिमेलो बोधकथांकडे वळले. १९८२ पासूनच्या या लहान कथा चटकदार आहेत, पण त्यांत पाठ नाही, म्हणून पडताळाही नाही. मृत्यूनंतर १९९० मध्ये त्यांची व्याख्याने ‘अवेअरनेस’ या नावाने आली. तेथे दुःखाचे मूळ आसक्तीत आहे, खिन्नता आली तर ती ढगासारखी येते व जाते, तिच्याशी आपले नाते जोडू नये, असा उपदेश आहे. किरकोळ उदासीनतेला तो पुरेसा असेल. ज्याला उठून तोंड धुण्याचेही त्राण उरलेले नाही अशा रुग्णाला तो निर्दय वाटेल. लोकांना आराम हवा असतो, रोगमुक्ती नको असते, असेही तेथे सुचविले जाते. या वाक्याने बरे न होण्याचा दोष रुग्णाच्याच माथी येतो. जुन्या धर्मोपदेशकाने हेच ‘श्रद्धा उणी पडली’ असे म्हटले असते. शब्द बदलले, आरोप तोच राहिला. ज्याने खुर्चीच्या पाठात एवढा विवेक दाखविला त्याच्या नावावर हे विधान यावे, ही खेदाची गोष्ट आहे. व्याख्यानाचा आवेश आणि मरणोत्तर संपादन यांचा वाटा त्यातून वजा केला तरीही.

२४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या धर्मश्रद्धाविषयक मंडळाने, कार्डिनल राट्झिंगर यांच्या सहीने, डिमेलो यांच्या लेखनासंबंधी सूचनापत्र काढले. प्रारंभीचे ग्रंथ बव्हंशी ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत आहेत, मात्र पुढे पुढे लेखक श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर जात राहिला, असा त्याचा आशय आहे. ‘साधना’ आणि नंतरचे लेखन यांतील भेद मंडळाला दिसला, तो खराच आहे. त्याने तो सिद्धान्ताच्या मापाने मोजला एवढेच. वस्तुतः श्रद्धेचा आशय ज्या वेगाने विरळ होत गेला त्याच वेगाने उपचाराची शिस्तही विरळ होत गेली. प्रारंभीच्या ग्रंथात ख्रिस्त हा समोरचा ‘दुसरा’ होता, आणि गटातील माणसे हीही ‘दुसरी’ होती. पुढे स्वतःच्या जाणिवेवाचून कोणीच उरले नाही.

या सूचनापत्रानंतर डिमेलो यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्यांत एक टीप छापली जाऊ लागली. हे लेखन बहुधर्मी परिस्थितीत, अन्य धर्मीयांना व धर्म न मानणाऱ्यांनाही शोधात साह्य व्हावे म्हणून झाले. कॅथलिकांना धर्मसिद्धान्त शिकविणारी पुस्तके म्हणून ते योजलेले नाही, असे ती सांगते. उशीवर मुठी आपटून झाल्यावर रात्री झोप न येणाऱ्या वाचकाने कोणाकडे जावे, याविषयी त्या टिपेत काही नाही.