हजेरीवही, आत्मकथन आणि आपले मौन

मेहकर तालुक्यातल्या आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखो माणसे एकाच वेळी पंगतीला बसतात. पुरी-भाजीचा प्रसाद ट्रॅक्टरने वाढायला न्यावा लागतो. त्या पंगतीत कुणी कुणाची जात विचारत नाही. पण पंगत उठते, माणसे आपापल्या गावी परततात आणि पालात राहणाऱ्या भटक्यांच्या वाट्याला पुन्हा जुनीच नजर येते. वऱ्हाडातल्या गावात चोरी झाली की पहिला संशय अजूनही पालाकडे वळतो. ही नजर आली कुठून? मराठी साहित्याने आणि विशेषतः आपण मुस्लिम मराठी लेखकांनी तिचे काय केले? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

या माणसांना गावगाड्याने आधीच वेशीबाहेर ठेवले होते. इंग्रजांनी त्या बहिष्काराला कायद्याचा आणि शास्त्राचा आधार दिला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, अशा युक्तिवादावर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा राहिला. जमातीची नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना असा जाच सुरू झाला. १९११ च्या कायद्याने त्यात बोटांच्या ठशांची भर घातली. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले तर नाकाच्या मापावरून वंश आणि जातीची प्रतवारी लावत होते. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांचे त्या प्रांतातील जातिजमातींवरचे चार खंड निघाले. अख्ख्या जमातीला एकच स्वभाव चिकटवण्याची या ज्ञानाची रीत होती. अमेरिकेत जे कातडीच्या रंगावरून ठरत होते, ते इथे जमातीच्या नावावरून ठरू लागले. हे नाते महात्मा फुल्यांनी फार लवकर ओळखले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला.

या सरकारी ज्ञानाला मराठीत खरे उत्तर दिले ते विमुक्त-भटक्यांच्या आत्मकथनांनी. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. पोलिसांच्या दप्तरात माणसाला 'मी' नसतो, असते फक्त जमात. आत्मकथन तिथे 'मी' लिहिते. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्याचे मोल इथे आहे. 'उचल्या' केवळ पोलिसांवर बोट ठेवून थांबत नाही. लेखक शाळेत जाऊ लागला म्हणून वस्तीतल्या पोरांना हगवण लागली, असे मानणारी जातपंचायतही त्यात आहे. लातूरच्या सूतगिरणीतल्या कामगारांना संघटित करणारा तरुणही आहे. अन्याय आणि प्रतिकार अशा दोन्ही गोष्टी एकाच घरातून दिसतात. मात्र प्रस्थापित वाचकाने या पुस्तकातले चोरीचे तंत्र कुतूहलाने वाचले आणि त्यामागचा कायदा विसरला, असे आम्हाला वाटते. तो दोष पुस्तकाचा नाही, वाचनाचा आहे.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत. ते मुसलमान आहेत. नावाप्रमाणे यांचे काम छपरे शाकारण्याचे. १९०८ साली मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने जे पुस्तक लिहिले, त्यात ते खोटी नाणी पाडणारे म्हणून येतात, तेही फकिराच्या वेषात फिरणारे! म्हणजे फकिराची झोळीसुद्धा संशयाची खूण ठरली. भटक्यांच्या यादीत दरवेशी आहेत, गारुडी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अस्वलाचा आणि सापाचा खेळ बंद पडत गेला. कायदा प्राण्यांसाठी योग्यच होता. पण खेळ करणाऱ्या माणसाच्या पोटाची सोय कुणी पाहिली?

यांच्यापैकी कुणाचेही 'उचल्या'च्या तोलाचे आत्मकथन आमच्या वाचनात आलेले नाही. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात भरले. त्याच सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची मोठी वसाहत होती. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. एकाच शहरात दोन वेदना शेजारी होत्या, पण त्यांची गाठ पडली नाही. दंगल, तलाक, भाषा, देशभक्तीचा दाखला मागणारी नजर यांवर आपण लिहिले, ते आवश्यकच होते. पण इस्लाममध्ये जात नाही असे व्यासपीठावर सांगायचे आणि सोयरीक जुळवताना बिरादरी विचारायची, हा दुटप्पीपणा आपल्या कथा-कवितेतही उतरला आहे. दारी आलेल्या फकिराला आपण खैरात दिली, पण त्याला कथेचा नायक केले नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जुना कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांच्या नावाने नवे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. १९९८ मध्ये पुरुलियात बुधन शबर यांचा कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर चळवळ उभारली. लेखक रस्त्यावर आले ते असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातीय कलमे घटनाबाह्य ठरवली. तोवर विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणारे नियम त्या पुस्तकांत शिल्लक होते.

दरवेशी, छप्परबंदांची व्यथा आता आपणच लिहून टाकावी, असे आम्हाला म्हणायचे नाही. ती पुन्हा दुसऱ्याने केलेली नोंद ठरेल. त्यांची शाळा-कॉलेजात पोचलेली मुले-मुली शोधावीत, त्यांच्या अडखळत्या पहिल्या लेखनाला आपल्या अंकांत पाने द्यावीत आणि ते आपल्यावर टीका करतील तेव्हा ती टीकाही छापावी. पंगतीत जात विचारत नाहीत, हे चांगलेच आहे. पण शेजारी बसलेल्याला त्याची हकीकत तरी विचारली पाहिजे.