शिफारस आणि अडत

मागच्या दोन व्याख्यानांत आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. दुसऱ्याने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, या प्रकारच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचं की नाही, आणि म्हणायचं तर कोणत्या अटींवर, असा तो प्रश्न होता. आजचा विषय ऐकून काही जणांनी आयोजकांना फोन केले म्हणे, की सरांची तब्येत बरी आहे ना. (हशा) बरी आहे. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग हा विषय आम्ही मुद्दाम घेतला, कारण आमच्या मते तो शब्दप्रमाणाचाच प्रश्न आहे, फक्त बाजारात येऊन उभा राहिलेला.

निमित्त असं झालं. दिवाळीनंतर एक जुना विद्यार्थी घरी आला. चाळिशीच्या आतबाहेरचा. एम.ए. केलं, सेट झाला, आणि गेली बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे काय ते तुमच्यापैकी प्राध्यापक मंडळींना सांगायला नको. तो म्हणाला, "सर, स्वतःची वेबसाइट काढून अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करायचं ठरवलंय. कोर्स लावलाय. फी पस्तीस हजार, दहा भरले. बाकीचे बायकोची भिशी लागली की भरणार." आम्ही विचारलं, काय शिकवतात? त्याने छापून आणलेली चाळीसेक पानं पुढे ठेवली. 'सुरुवात कशी करावी' अशा धाटणीचं ते लिखाण होतं. आम्ही ती पानं ठेवून घेतली आणि एखादा ग्रंथ वाचावा तशी पेन्सिल घेऊन वाचली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाचनाचं टिपण समजा.

ज्यांना हा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमची वेबसाइट आहे. तिच्यावर तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल लिहिता आणि दुकानाची लिंक देता. त्या लिंकमध्ये तुमची खूण असते. वाचक तिच्यावरून दुकानात गेला आणि त्याने खरेदी केली, की दुकान तुम्हाला टक्केवारीने पैसे देतं. अ‍ॅमेझॉनने ही योजना १९९६ साली, पुस्तकं विकत होती तेव्हाच सुरू केली. वाचक तुमच्या लिंकवरून आत गेला की साधारण चोवीस तास तुमची खूण त्याच्यामागे राहते. पुष्कळदा त्या वेळात त्याने दुसरंच काही घेतलं तरी कमिशन तुमचं. तुम्ही सांगितला कुकर, त्याने घेतला टीव्ही, टक्केवारी टीव्हीवर. तेव्हा हे पैसे सल्ल्याचे नाहीत हे आधी लक्षात घ्या. ते दारापर्यंत आणून सोडण्याचे आहेत. तीर्थाच्या गावी उतरल्यावर रिक्षावाला आपल्याला "चांगल्या" लॉजवर नेतो, तसं.

आणि दर ठरवणार दुकान. एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतले दर कापले. फर्निचर आणि घरसामानावर आठ टक्के होते ते तीन झाले. त्या एका प्रकारावर ज्यांची वेबसाइट उभी होती त्यांचं उत्पन्न त्याच कामाला निम्म्याहून खाली आलं. 'स्वतःची वेबसाइट' यातलं 'स्वतःची' कुठपर्यंत, हे यावरून कळतं. जागा तुमची, लेख तुमचे, भाव त्यांचा. त्या चाळीस पानांत याचा उल्लेख नाही.

आता पानांकडे येऊ. पहिली पायरी अशी: विषय निवडा, आणि ज्यात कमिशन जास्त तो निवडा. दुसरी पायरी: डोमेन आणि होस्टिंग घ्या, 'या' कंपनीकडून, 'या' लिंकवरून. तिसरी: त्या विषयातल्या 'सर्वोत्तम दहा' वस्तूंची यादी लिहा. पुढे वाचक कसे आणायचे, शोधयंत्रात वर कसं यायचं, वगैरे पंचवीसेक पानं.

दुसऱ्या पायरीवर आम्ही पेन्सिल ठेवली. वेबसाइट ज्या संगणकावर राहते ती जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या नवीन गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला चांगलं घसघशीत कमिशन देतात. म्हणजे 'सुरुवात कशी करावी' हे सांगणारा लेखक सुरुवात करणाऱ्याकडूनच कमावतो. वाचकाची दुसरी पायरी ही लेखकाची मिळकत. मग अशा लेखांत कोणीही "तू हे करू नकोस" असं का लिहीत नाही, ते उघड आहे. त्या वाक्याला कमिशन नाही. कोर्सचंही तेच. आमच्या विद्यार्थ्याला शेवटच्या पानावर सांगितलं होतं, की अजून काही सुचत नसेल तर हाच कोर्स इतरांना विका, प्रत्येकामागे इतके टक्के. त्याला ते वाचून बरं वाटलं होतं. आम्हाला नाही वाटलं.

इथे वात्स्यायनाकडे जाऊ. कामसूत्राचा नव्हे, न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा. (हशा) आप्त कोण, म्हणजे कोणाचा शब्द प्रमाण मानावा, याची तो दोन अंगं सांगतो. एक, त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी. दोन, जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने तो बोलत असावा. आणि पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू. म्हणजे आप्तपण जातीने किंवा पदवीने येत नाही. ते त्या त्या विषयापुरतं असतं. आम्हाला हे फार आवडतं, कारण यात आमच्यासारख्या डॉक्टरेटवाल्याचा आंब्याच्या झाडाबद्दलचा शब्द प्रमाण नाही आणि माळ्याचा आहे.

'सर्वोत्तम दहा' ही यादी या दोन अटींना लावून बघा. लिहिणाऱ्याने दहापैकी किती वस्तू हाताळल्या? पुष्कळदा एकही नाही, विकणाऱ्याच्याच पानावरची माहिती फिरवून लिहिलेली असते. पहिली अट गेली. गूगलने २०२१ पासून वस्तूंच्या परीक्षणांत हाताळून लिहिलेल्याला झुकतं माप द्यायचं ठरवलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या मूल्यमापनाच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द घातला. वात्स्यायनाला पोचायला वेळ लागला, पण पोचला.

दुसरी अट अवघड आहे. सगळे टीकाकार म्हणतात, कमिशन आलं की सांगण्याची इच्छा नासली. आम्ही इतके कडक नाही. का, ते एका खऱ्या प्रकरणावरून सांगतो.

२०१४ च्या सुमारास अमेरिकेत गाद्या इंटरनेटवर विकल्या जाऊ लागल्या. खोक्यात गुंडाळून घरपोच. त्यांतली एक मोठी कंपनी कॅस्पर. आता गादी ही वस्तू अशी, की तिच्यावर झोपल्याशिवाय काही कळत नाही, आणि दुकान तर नाही. मग लोक कोणावर विसंबणार? गाद्यांची परीक्षणं करणाऱ्या छोट्या वेबसाइट निघाल्या. एकेका माणसाच्या. घरात गाद्यांवर गाद्या, त्यांवर झोपून, दाबून, मोजून लिहायचं, खाली लिंक. पहिली अट ते पाळत होते. २०१६ मध्ये कॅस्परने अशा तीन वेबसाइटवर खटले भरले. कंपनीचं म्हणणं, हे लोक आपलं कमिशन वाचकाला नीट सांगत नाहीत आणि ज्यांच्याकडून पैसे मिळतात त्यांच्याकडे वाचक वळवतात. खटले आपसांत मिटले. आणि २०१७ मध्ये त्या तिघांपैकी एक, स्लीपोपोलिस, दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली. त्या खरेदीला पैसा कोणी पुरवला? कॅस्परने. वेबसाइटवर तसं नमूदही केलं गेलं.

हे नमूद करणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण आज सगळा भर खुलाशावर आहे. आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा असं म्हटलं आहे. चांगलं आहे. मराठीत शिफारस करून तळाशी बारीक इंग्रजीत खुलासा ठेवणाऱ्यांनी ते वाचावं. पण खुलाशाने वाचकाला काय कळतं? पैसे मिळतात, एवढंच. तो जर घेणारा नसता तर लिहिणाऱ्याने काय लिहिलं असतं, हे कळत नाही.

उलट बाजूही बघू. वायरकटर नावाची वेबसाइट २०११ मध्ये निघाली. याच कमिशनवर चालली, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे तीन कोटी डॉलरला घेतली. दहा वस्तूंची यादी देण्याऐवजी शक्यतो एकच सांगायची, महिनोन्महिने तपासून. त्यांचा युक्तिवाद असा: वाचकाने वस्तू परत केली तर आम्हाला कमिशन मिळत नाही, म्हणून चुकीचं सांगणं आम्हाला परवडतच नाही. इथे कांट शिकलेल्यांना वाणी आठवेल. तो अडाणी गिऱ्हाइकालाही योग्य भावच लावतो, पण धंदा टिकावा म्हणून. कांट म्हणतो, हे कर्तव्याला धरून झालं, कर्तव्यापोटी नाही. आम्ही तीस वर्षं वर्गात कांटची बाजू मांडली. आज वाचक म्हणून विचाराल तर आम्ही त्या वाण्याच्या दुकानात खुशाल जाऊ. स्वार्थ आणि खरेपणा एका रस्त्याने चालत असतील तर चालू द्यावेत. फक्त रस्ते कुठे फुटतात ते वाण्याला माहीत पाहिजे.

ते फुटतात एका ठिकाणी नक्की: ज्या सल्ल्याला कमिशनच नाही तिथे. जुनंच दुरुस्त करा. शेजाऱ्याकडून आणा. घेऊ नका. कमिशनवर चालणाऱ्या लिखाणात खोटं बोलण्यापेक्षा हे न बोलणं जास्त असतं, आणि न बोललेल्याचा खुलासा कोणत्याही कायद्याने मागता येत नाही.

आम्हाला हे कसं माहीत, तेही सांगून टाकतो. आमचं तर्कशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक होतं. दरवर्षी जूनमध्ये आम्ही वर्गात सांगायचो, हे घ्या. पुस्तक वाईट नव्हतं. रॉयल्टी फार नव्हती, एका वर्षी त्यातून घराचा पंखा आला. पण ग्रंथालयात त्याच्या वीस प्रती होत्या, हे आम्ही वर्गात कधी म्हटलं नाही. कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्या वर्गांत ते पुस्तक घेण्यासाठी डबा बंद करणारी मुलं असणार. तो पंखा अजून चालतो.

असो. आपल्याकडे अडतीचा वाद आठवा. बाजार समितीत अडत्या शेतकऱ्याचा माल विकायचा आणि त्याच्याच पट्टीतून अडत कापायचा. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्यावरची अडत खरेदीदाराकडून घ्यायची ठरलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. वाद पैशाचा होताच, पण मागे प्रश्न होता, की हा मधला माणूस नक्की कोणाचा? अ‍ॅफिलिएटवाला पैसे दुकानाकडून घेतो आणि बोलतो वाचकाचा माणूस असल्यासारखा. अडत्याने निदान ते सोंग घेतलं नव्हतं.

आठ दिवसांनी विद्यार्थ्याला बोलावलं. कोर्सप्रमाणे त्याने निवडलेला विषय होता होस्टिंगच. आम्ही विचारलं, तुला त्यातलं काय माहीत? गप्प बसला. मग विचारलं, अमुक एक घेऊ नका असं तू कोणत्या वस्तूबद्दल छातीठोक सांगू शकतोस? तो लगेच म्हणाला, "मिक्सर." वडिलांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. शाळेपासून हा सुट्टीत तिथेच बसायचा. कोणत्या मिक्सरचा कपलर वर्षात झिजतो, कोणाचे कार्बन मिळत नाहीत, कोणाची मोटर पुन्हा भरण्यासारखी असते, अर्धा तास बोलत होता. बारा वर्षांत इतकं सलग बोलताना आम्ही त्याला ऐकलं नव्हतं. आम्ही म्हटलं, यावर लिही, मराठीत लिही, आणि उरलेले पंचवीस हजार भरू नकोस. भरलेले दहा गेले ते गेले. पैसे मिळतील असं आम्ही म्हणत नाही, तेही त्याला सांगितलं. आणि स्वतःच्या वेबसाइटचा एक खरा फायदाही: चूक झाली, किंवा एखाद्या मिक्सरचा दर्जा घसरला, तर जुन्या लेखात परत जाऊन लिंक काढता येते. ती काढतोस का, एवढंच आम्ही बघणार.

त्याचा पहिला लेख असा होता: मिक्सर चालता चालता बंद पडला तर टाकू नका, थंड होऊ द्या, उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. बऱ्याचदा मोटरवर जास्त ताण आल्याने ते बटण उडालेलं असतं. मग दुरुस्तीचे लेख, आणि शेवटी घेण्यासारखे तीन मिक्सर, लिंकसकट. वर पहिल्याच ओळीत मराठीत लिहिलंय की यातून मला कमिशन मिळतं, आणि चौथा मिक्सर याहून बरा आहे पण त्याचं मला काही मिळत नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. म्हणाला, "सर, सगळ्यात जास्त वाचला जातो तो लाल बटणाचा लेख. शेकड्याने लोक येतात, बटण दाबतात, मिक्सर सुरू होतो, निघून जातात. त्यातून एक रुपया नाही. बायको विचारते, त्या लेखात लिंक का टाकत नाहीस." आम्ही म्हटलं, तळाशी टाक, बटण दाबूनही ज्याचा सुरू होत नाही त्याच्यासाठी. तो म्हणाला, "तळाशी कोणी जात नाही. कोर्सवाले सांगतात वर टाका, बटणाच्या आधी." यावर काय सांगायचं ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. तुमच्यात कोणी दुकानदार असेल तर त्याचं ऐकायला आवडेल. प्रश्नांची वेळ आहेच. माइक तिकडे द्या.