जुने वाद्य आणि वाजते वाद्य : धाराशिव जिल्ह्यातील संबळ-तुणतुण्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : लोकवाद्ये, गोंधळ, संबळ, तुणतुणे, वाद्यसंग्रह, दुरुस्ती, वृत्ती

प्रास्ताविक

एखादे वाद्य जुने आहे असे म्हटले जाते तेव्हा त्यातील नेमके काय जुने असते, हा प्रश्न वरकरणी साधा वाटला तरी त्याचे उत्तर प्रत्येक समाज वेगळे देतो. पाश्चात्त्य जगात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या गिटारींचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला. द्राक्षमद्याच्या हंगामासाठी वापरला जाणारा ‘विंटेज’ हा शब्द तेथे वाद्यांना लावला जातो. या बाजाराचे नियम कडक आहेत. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार १९५४ मध्ये आली आणि १९६५ मध्ये कंपनी सीबीएसच्या ताब्यात गेली. म्हणून त्यापूर्वीच्या गिटारी श्रेष्ठ आणि नंतरच्या दुय्यम, असा दंडक रूढ झाला. मूळ रंग, मूळ खुंट्या, मूळ तारखेचा शिक्का असलेले सुटे भाग, एवढेच नव्हे तर मूळ स्क्रूसुद्धा किमतीत मोजले जातात. गिटारीला पुन्हा रंग दिला की तिची किंमत घसरते. थोडक्यात, येथे जुनेपण म्हणजे अस्पर्शितपण होय.

ही कल्पना अलीकडे आपल्याकडील लोकवाद्यांच्या संग्रहालाही नकळत लागू केली जाऊ लागली आहे. ती तेथे कितपत टिकते, याचा विचार धाराशिव जिल्ह्यातील, विशेषतः तुळजापूरच्या गोंधळपरंपरेतील संबळ आणि तुणतुणे या दोन वाद्यांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

अस्पर्शिततेचा दंडक आणि त्यातील अंतर्विरोध

हा दंडक त्याच्या मूळ भूमीतही पूर्णपणे टिकत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० या काळातील, पिवळ्या-लाल छटेच्या लेस पॉल गिटारी आज अत्यंत मौल्यवान मानल्या जातात. परंतु निघाल्या त्या वेळी त्यांना पुरेसे गिऱ्हाईक नव्हते आणि कंपनीने ते रूप थोड्याच काळात बंद केले. त्यांना प्रतिष्ठा मिळाली ती पुढे साठच्या दशकात, एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी त्या हाती घेतल्यावर. म्हणजे बाजाराच्या आधी वादन आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याने १९७० मध्ये घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलर्सना विकली गेली. या गिटारीची मान अनेकदा बदललेली होती. तिच्यातील विद्युत भाग, दर्शनी पट्टी, तारा थरथरविणारी दांडी यांतही वेळोवेळी फेरफार झाले होते. संग्राहकाच्या नियमपुस्तकाप्रमाणे ती सदोष ठरावयास हवी होती. ती तशी ठरली नाही, कारण प्रत्येक फेरफारामागे वाजविणाऱ्याची गरज होती आणि वाजविणारा सर्वांना माहीत होता. अनामिक वादकाने केलेला फेरफार मात्र त्याच बाजारात दोष ठरतो. हा भेद नीट ध्यानात ठेवावयास हवा, कारण लोकवाद्यांचा वादक बाजाराच्या दृष्टीने नेहमीच अनामिक असतो.

संबळात जुने काय?

संबळ हे जोडवाद्य आहे. एक भांडे लहान व उंच स्वराचे, दुसरे मोठे व खर्जाचे. भांडी तांब्याची, पितळेची किंवा लाकडाची असतात. तोंडावर कातडे ताणून बसविलेले असते. गोंधळी संबळ कमरेला बांधून उभ्याने वाजवितो. टिपऱ्यांपैकी एकीचे टोक वळविलेले असते. तुणतुण्याची घडण याहून साधी आहे. लाकडी नळकांड्याच्या तळाशी कातडे, बाजूस ठोकलेली काठी, काठीच्या वरच्या टोकाला खुंटी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून नळकांड्यातून वर खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. या तारेला सूर एकच, आणि तो रात्रभर अखंड ठेवणे एवढेच तिचे काम.

आता या वाद्यांतील काय टिकते ते पाहावे. कातडे सैल पडते, फाटते. ते बदलावेच लागते. तार तुटते. खुंटी झिजते. टिपऱ्या तर सर्वांत अल्पायुषी. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने कातड्याचा आवाज बसतो आणि ते शेकून घ्यावे लागते. हे शेकणेही कातड्याचे आयुष्य कमीच करते. शेवटी उरते ते भांडे, आणि त्यावरही ठोक्यांचे, पडल्याचे, डाग दिल्याचे व्रण असतात. अस्पर्शिततेच्या कसोटीवर असे एकही वाजते संबळ ‘जुने’ ठरणार नाही. ठरेल ते फक्त असे संबळ, जे कोणीतरी वाजविणे फार पूर्वी थांबविले आहे.

असे असूनही गोंधळ्याच्या घरात हे वाद्य वडिलोपार्जित मानले जाते, आणि ते मानणे निराधार नाही. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद आहेत. पहिले तुळजाभवानीचे उपासक, दुसरे माहूरच्या रेणुकेचे. कदमराई गोंधळ्याच्या गळ्यातील कवड्यांची माळ हे त्याच्या उपासनेचे चिन्ह होय. विवाहानंतर किंवा जावळाच्या वेळी कुलाचार म्हणून गोंधळ घालण्याची चाल अनेक घराण्यांत आहे, आणि अमुक घरचा गोंधळ अमुक घराण्याने घालावयाचा, अशी वृत्ती परंपरेने चालत आलेली असते. पिढ्यान् पिढ्या हस्तांतरित होते ती ही वृत्ती, पाठांतर आणि हाताचा ठोका. भांडे त्यांच्यासोबत येते. म्हणून कातडे दहा वेळा बदलले तरी संबळ तेच राहते. उलट ते दहा वेळा बदलले गेले, हाच त्याच्या वाजतेपणाचा पुरावा असतो. येथे मालकी वस्तूची कमी आणि अधिकाराची अधिक आहे.

तेर आणि तुळजापूर

जुने जपण्याच्या दोन तऱ्हा याच जिल्ह्यात शेजारी नांदतात. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय एका व्यक्तीच्या संग्रहातून उभे राहिले. प्राचीन तगर नगरीतील मातीच्या मूर्ती, मणी, नाणी यांचे ते भांडार इतिहासाच्या अभ्यासकाला अमोल आहे. तेथील वस्तूंचा वापर शेकडो वर्षांपूर्वीच संपलेला आहे; त्यांना हात न लावणे हीच त्यांची सेवा. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या वाद्यदालनाविषयी मात्र तसे सरसकट म्हणता येत नाही. तेथे घडण, धातू, नक्षी यांचा उत्तम अभ्यास होतो. आवाजाचा होत नाही, होऊ शकत नाही. काचेआडचे कातडे काही वर्षांत ताठरते आणि मग ते वाद्य आपल्या आकाराची केवळ प्रतिकृती म्हणून उरते. हा संग्रहालयाचा दोष नव्हे. तेरच्या मण्याला योग्य असलेली पद्धत तुळजापूरच्या संबळाला तशीच्या तशी लावली जाते, दोष त्यात आहे.

अभ्यासाची दिशा

वाद्यांच्या शास्त्रीय अभ्यासानेही हा प्रश्न फारसा हाताळलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेले तत, अवनद्ध, घन आणि सुषिर हे चतुर्विध वर्गीकरण असो किंवा हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलेली पद्धती असो, दोन्हींचा प्रश्न एकच : ध्वनी कशातून उत्पन्न होतो? तुणतुण्यासारखे वाद्य यात अडचणीचे ठरते. तार आहे म्हणून ते तत म्हणावे, की तार कातड्याला बांधलेली आहे म्हणून अवनद्ध? झाक्सप्रणीत पद्धतीने या कुळाला छेडून वाजविण्याचे चर्मवाद्य मानले. १९८१ मध्ये लॉरेन्स पिकन यांनी बंगालमधील गोपीयंत्र व आनंदलहरी या सगोत्र वाद्यांच्या संदर्भात त्या वर्गीकरणाचा पुन्हा विचार केला. चर्चा रंजक आहे. परंतु ते कातडे कोणी चढविले, तार कोठून आली, हे वाद्य वाजविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न तिच्या कक्षेतच येत नाहीत.

मराठीतील लोकसाहित्याभ्यासकांनी ही उणीव भरून काढावयास हवी होती. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांच्या लेखनामुळे गोंधळी, वासुदेव, आराधी, पोतराज इत्यादी उपासकांचे जग नागर वाचकापुढे आले, हे ऋण मोठे आहे. तथापि त्यांचा भर दैवत, विधी, गीत आणि प्रयोग यांवर आहे. वाद्य हे त्या प्रयोगाचे साहित्य म्हणून येते आणि यादीत नोंदले जाऊन मागे पडते. त्यांच्यानंतरच्या अनेक प्रबंधांनी ती यादीच पुढे चालविली. संबळ, तुणतुणे, झांज, दिवटी एवढे लिहिले की वाद्यांचे प्रकरण संपते. दुरुस्ती करणारा कारागीर तर कोठेच आढळत नाही, आणि वस्तुतः वाद्याचे आयुष्य त्याच्याच हाती असते.

तानपुरा आणि तुणतुणे

या उपेक्षेचे मूळ भाषेतही दिसते. ‘तेच ते तुणतुणे वाजविणे’ हा मराठीतील वाक्प्रचार कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी वापरला जातो. आता, एकच सूर अखंड धरून ठेवणे हे तानपुऱ्याचेही काम आहे. पण तानपुऱ्यावरून असा वाक्प्रचार झाला नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घासून देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, त्या पेशास संस्थानाचा आणि पुढे मोठमोठ्या गायकांचा आश्रय लाभला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सर्व यथोचितच आहे. त्या तानपुऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, म्हणजे धाराशिवच्या शेजारच्या जिल्ह्यातून येतात, ही गोष्ट जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

तानपुऱ्याच्या बाबतीत दुरुस्तीला जी प्रतिष्ठा आहे, ती या तुलनेत महत्त्वाची ठरते. घोडीवरील जवारी पुनःपुन्हा घासून लावावी लागते, आणि जवारी लावणारा हात मान पावतो. गुरूकडून आलेला तानपुरा जुना म्हणून आदरणीय असतो, आणि त्याची जवारी कालच लावलेली असली तरी त्या आदरास बाध येत नाही. अर्थात ‘दुरुस्त होत होत जुने होणे’ ही कल्पना मराठी संगीतव्यवहाराला परकी नाही. ती फक्त गोंधळ्याच्या वाद्यापर्यंत पोहोचू दिलेली नाही. दोहोंतील अंतर ध्वनिशास्त्राचे कमी आणि सामाजिक स्थानाचे जास्त आहे. गोंधळी समाजाची गणना महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होते, हे येथे विसरून चालणार नाही.

नमुन्यातील संबळ

अलीकडे प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या ऑक्टोपॅडची पुढील रूपे लग्नाच्या वराती, वाद्यवृंद आणि जागरणाच्या मांडवापर्यंत पोहोचली. त्यांत ध्वनिमुद्रित नमुने भरता येतात. मग टिपरी रबरी चौकोनावर पडते आणि आवाज संबळाचा येतो. ‘जोगवा’ (२००९) सारख्या चित्रपटातील संगीताने लोकवाद्यांच्या नादाची गोडी शहरी श्रोत्याला लावली, त्यामुळे या नमुन्यांची मागणीही वाढली असावी. वादकाच्या बाजूने पाहिल्यास यात सोय आहे. नमुन्यातील कातडे पावसात बसत नाही, ते शेकावे लागत नाही, आणि वाहनातून नेताना फाटत नाही. ऐन पावसाळी रात्री ओले संबळ शेकीत बसलेल्या माणसाला या सोयीवरून नावे ठेवणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

परंतु नमुना म्हणजे काय, हे स्पष्ट असावे. एका संबळाचा, एका दिवशीचा, एका हाताचा ठोका तेथे गोठविलेला असतो. काचेआडच्या संबळाला आकार असतो आणि आवाज नसतो; येथे आवाज असतो आणि भांडे नसते. दोहोंतून वजा होते ती एकच गोष्ट : बदलत राहण्याची क्षमता. संग्राहकाचा अस्पर्शिततेचा दंडक येथे यंत्राने पूर्णत्वास नेला आहे.

मोडीचा भाव

यावर एक आक्षेप संभवतो. गोंधळी कातडे बदलतो ते तत्त्व म्हणून नव्हे, तर गरज म्हणून. त्याला चांगली किंमत आली तर तोही भांडे विकील. मग त्याच्या नाइलाजाला परंपरेचे नाव देणे हा अभ्यासकाचा भाबडेपणा नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. मात्र किंमत कशाची येते, हेही पाहिले पाहिजे. गिटारीची किंमत वर्षावरून ठरते. संबळाचे भांडे वाजते राहिले नाही तर त्याच्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात : दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होणे किंवा मोडीच्या दुकानात वजनावर जाणे. पहिल्या वाटेने गेलेल्या भांड्याला चकाकी दिली जाते आणि हातांच्या खुणा पुसल्या जातात. दुसऱ्या वाटेने ते वितळते. कोणत्या घरातून आले, कोणत्या गावांची वृत्ती त्याच्यासोबत होती, शेवटचे कातडे कोणी चढविले, याची चिठ्ठी दोन्ही वाटांवर सोबत जात नाही.

गिटारीचा बाजार कितीही व्यापारी असला तरी एका बाबतीत तो आपल्यापुढे आहे. वाद्याचा अनुक्रमांक, कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला, ते कोणाकडून कोणाकडे गेले, याची नोंद तेथे वाद्यासोबत फिरते. गिलमोरच्या गिटारीच्या प्रत्येक मानेचा हिशेब उपलब्ध आहे. जिल्ह्यातील मराठी, इतिहास आणि संगीत विषयांच्या विभागांना अशी नोंदवही ठेवणे अवघड नाही. त्यासाठी वाद्य घरातून हलविण्याची, विकत घेण्याची किंवा काचेत ठेवण्याची आवश्यकताही नाही. भांड्याचा धातू आणि घेर, कातडे बदलल्याचा महिना, बदलणाऱ्या कारागिराचे गाव, तार कोणत्या पेठेतून आणली, वादकाने ठोका कोणाकडून घेतला, आणि त्या वर्षीच्या नवरात्रात ते कोठे कोठे वाजले, एवढे रकाने पुरेत. कारागिराच्या गावाचा रकाना आधी भरावा. कातडे चढविणारा हात थांबला की बाकीचे रकाने भरण्याजोगे राहणार नाहीत.