‘तेल’ कशास म्हणावे? : एका सागरी मानकाचे परीक्षण

समुद्रातील तेलविहिरींतून तेलाबरोबर भूगर्भातील खारे पाणीही वर येते. तेल वेगळे काढून हे पाणी बहुधा समुद्रातच सोडले जाते. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणार्थ स्थापन झालेल्या ऑस्पार आयोगाने यासंबंधी २००१ साली केलेली शिफारस आदर्श म्हणून पुढे केली जाते. तिचे गुण मान्य करूनही तिच्या मर्यादांचा विचार करणे अगत्याचे आहे.

या शिफारशीने पाण्यात विखुरलेल्या तेलाची मर्यादा लिटरमागे ४० मिलिग्रॅमवरून ३० वर आणली. परंतु हे प्रमाण आहे, एकूण राशी नव्हे. तेलक्षेत्र जुने होते तसतसे तेल घटते व पाणी वाढते. रोज १०,००० घनमीटर पाणी सोडणाऱ्या उत्पादनमंचावरून या मर्यादेत ३०० किलोग्रॅम तेल समुद्रात जाईल. पाणी तिप्पट झाल्यास ९०० किलोग्रॅम जाईल, आणि तरीही मर्यादाभंग होणार नाही. आयोगास याची जाणीव होती. म्हणूनच २००० च्या तुलनेत २००६ पर्यंत एकूण तेलात १५ टक्के घट करण्याचे उद्दिष्ट त्याने जोडले. हा भाग अधिक मोलाचा असूनही उद्धृत होतो तो ३० हा आकडाच.

याहून मूलगामी प्रश्न ‘तेल’ या संज्ञेचा आहे. ऑस्पारच्या २००७ पासूनच्या पद्धतीत गॅस क्रोमॅटोग्राफीने ठरावीक हायड्रोकार्बनेच मोजली जातात. पाण्यात विरघळणारी बेंझीन, टोल्युइन व फिनॉले त्या मोजणीत येत नाहीत. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात मासिक सरासरी २९ व दैनिक कमाल ४२ मिलिग्रॅम आहे. परंतु तेथील प्रचलित पद्धतीत हेक्झेनमध्ये उतरलेले द्रव्य, हेक्झेन उडवून, तोलले जाते. तेव्हा २९ आणि ३० यांची तुलना म्हणजे एकाने तराजूने तोललेले व दुसऱ्याने पायलीने मापलेले धान्य ताडून पाहण्यासारखे आहे.

२०१२ साली ऑस्पारने संपूर्ण सांडपाण्याच्या जीवसृष्टीवरील धोक्याचे मूल्यमापन सुचविले, हे या उणिवेचे अप्रत्यक्ष निदर्शकच होय. १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या मुंबई हायच्या अभ्यासकांनाही हा विचार लागू पडतो, कारण भारतीय मानकही प्रमाणाच्याच भाषेत आहे. मोजणीची पद्धत आणि सोडलेल्या पाण्याची राशी यांवाचून दिलेला आकडा पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही.